हमाल सर्व्हिसला लागला

आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडी असायची. तिच्यात पांढऱ्या अक्षरांच्या ओळी एकामागून एक सरकत. बाकी काही नाही. चित्र नाही, बटण नाही, 'सुस्वागतम्' नाही. आणि घरातला प्रत्येक माणूस खुर्चीत टेकला की पहिलं काम म्हणून ती बंद करत असे.

सईला प्रोजेक्टची प्रिंट काढायची असे, ती बंद करी. हेमाला विजेचं बिल भरायचं असे, ती बंद करी. वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टाइप करून घ्यायला आमच्याकडे येतात, कारण त्यांना मराठी टायपिंग येत नाही आणि मला नाही म्हणता येत नाही. त्यांनी तर ती बंद करून वर मलाच सांगितलं, "अहो, तुमच्याकडे व्हायरस शिरला होता. घालवला."

त्या खिडकीत आमचा हमाल राहत होता.

हमाल म्हणजे माझ्या पुतण्याने, निखिलने, लिहिलेला प्रोग्राम. निखिल बंगळूरला असतो. दिवाळीला डोंबिवलीत आला, तेव्हा घरातल्या तिन्ही फोनांनी 'जागा संपली' म्हणून एकाच आठवड्यात अंग टाकलं होतं. त्याने चकलीची ताटली एका हाताला आणि लॅपटॉप दुसऱ्या हाताला घेऊन दोन तासांत उपाय काढला. फोन घरच्या वाय-फायवर आला की त्यातले नवे फोटो उचलायचे आणि कॉम्प्युटरच्या डिस्कवर तारीखवार रचून ठेवायचे. उचलायचे आणि रचायचे, म्हणून नाव हमाल. हा कमांड लाइनवर चालणारा प्रोग्राम, म्हणजे याला तोंडावळा नाही. काळ्या खिडकीत नाव टाइप करून एंटर मारला की हा कामाला लागला. अडचण एवढीच की ती खिडकी हीच त्याची खोली. कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं की विंडोज त्याला आवराआवरीला पाचेक सेकंद देते आणि मग खोलीसकट त्याला उचलते.

खिडकी बंद न करताही हमालाला ठार गार करता येतं, हा शोध आमच्या कामवाल्या मावशींचा. टेबल पुसताना फडकं माऊसवरून गेलं आणि काळ्या खिडकीत एक क्लिक झालं. विंडोजला वाटलं, या माणसाला इथली अक्षरं कॉपी करायची आहेत, तेव्हा ती हलता कामा नयेत. तिने छपाई रोखून धरली. हमालाला 'फोटो क्रमांक अमुक उचलला' अशी ओळ छापल्याशिवाय पुढे जायचं माहीत नाही, आणि ओळ तर छापू देत नाहीत. तो हातात फोटो घेऊन तसाच उभा. खिडकीच्या मथळ्यावर 'सिलेक्ट' एवढा एकच शब्द येतो, तोही बारीक. लहान मुलं स्टॅच्यू खेळतात तसा आमचा हमाल मंगळवार ते शुक्रवार उभा होता. शुक्रवारी मी सहज एस्केपची कळ दाबली आणि तो काही घडलंच नाही अशा थाटात चालू लागला.

मग मी मॉनिटरला कागद चिकटवला : 'काळी खिडकी बंद करू नये. हुकमावरून.' संध्याकाळी त्याखाली सईच्या अक्षरात 'कोणाच्या?' असं आलेलं होतं.

त्यातच मामा आले. माझे मामा वेंगुर्ले तालुक्यातले, आरवलीजवळचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं स्टँडावरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे काढली. मोतीबिंदू काढून घ्यायला महिनाभर आमच्याकडे राहिले. ऑपरेशननंतर काळा चष्मा लावून ते हॉलमध्ये बसत आणि डेपो सांभाळावा तसं घर सांभाळत. दूधवाला सहा मिनिटं उशिरा आला तर कॅलेंडरवर नोंद होई. मला कचेरीला निघायला वेळ झाला तर ते घड्याळाकडे बघत नुसते खाकरत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "त्या टीव्हीर काळी खिडकी होती. माका वाटलां, चुकान उघडी रवली. बंद केलंय."

पाटी त्यांनी वाचली नव्हती. डोळ्याला पट्टी होती. खिडकी मात्र दिसली.

मी निखिलला फोन लावला. तो म्हणाला, "काका, सोपं आहे. हमालला सर्व्हिस करून टाका."

मराठी माणसाच्या कानाला हा शब्द असा ऐकू येतो की मी क्षणभर उभाच राहिलो. आमच्या वेळी 'मुलगा सर्व्हिसला आहे' एवढ्या वाक्यावर पत्रिका न बघता लग्नं जमली आहेत. कुठल्या खात्यात, काय हुद्दा, हे प्रश्न मागाहून. सर्व्हिस म्हणजे माणूस कायम. आणि मजा अशी की विंडोजच्या पोटात शिरून बघितलं तर तिथेही अर्थ तोच निघतो. काळ्या खिडकीतला प्रोग्राम रोजंदारीवरचा : कोणी बोलावलं तर येणार, हाकललं की जाणार, मालकाने कॉम्प्युटरमधून लॉग आउट केलं की त्याच्याबरोबर हाही बाहेर. सर्व्हिस झालेला प्रोग्राम मालकाच्या येण्याजाण्यावर अवलंबून नाही. कॉम्प्युटर सुरू झाला, कोणी अजून पासवर्डही टाकलेला नाही, तरी हा पाठीमागे कामाला लागलेला असतो. खिडकीच नाही, त्यामुळे बंद करणार काय?

सेवेच्या अटीही छापील. प्रत्येक सर्व्हिसचं एक पान असतं, त्यात ती 'आपोआप' सुरू व्हायची, 'मागाहून आपोआप' की कोणी सांगितलं तरच, हे ठरवायचं. 'मागाहून आपोआप' हा प्रकार मला फार आवडला. सुरुवातीची धावपळ इतरांना करू द्यायची आणि गर्दी ओसरल्यावर, साधारण दोन मिनिटांनी, शांतपणे हजर व्हायचं. असे दोघेजण आमच्या कचेरीत आहेत. पण खरी बहार पुढच्या पानावर, 'रिकव्हरी' नावाच्या. तिथे तीन रकाने : पहिली चूक, दुसरी चूक, त्यानंतरच्या चुका. प्रत्येक चुकीला काय करायचं ते निवडायचं. काहीच कारवाई नाही. पुन्हा कामावर घ्या. दुसरा एखादा प्रोग्राम चालवा. किंवा सगळा कॉम्प्युटरच बंद करून पुन्हा सुरू करा. चौकशी समितीच्या अहवालांमध्ये मी इतका सुटसुटीतपणा कधी पाहिलेला नाही. चौथा पर्याय तर, कारकून पडला म्हणून मंत्रालयाचं मेन स्विच काढण्यासारखा आहे. तो कोणी निवडत असेल का, असं मी निखिलला विचारलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही निवडू नका."

निखिलने हमालाला 'हमाल.एक्सई' अशी बंडी घालून पाठवला आणि मी रविवारी सकाळी नेमणुकीला बसलो. त्यासाठी काळी खिडकीच उघडावी लागते, पण 'ॲडमिनिस्ट्रेटर' या नात्याने. साध्या नात्याने उघडली तर पाच नंबरची चूक येते : प्रवेश नाकारला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या कॉम्प्युटरवर, अंगावर बनियन असताना हे वाचायला बरं वाटत नाही. मग 'एससी क्रिएट' अशी आज्ञा द्यायची, पुढे सर्व्हिसचं नाव, पुढे 'बिनपाथ', बरोबरचं चिन्ह आणि प्रोग्रामचा पत्ता. या आज्ञेत बरोबरच्या चिन्हाच्या आधी मोकळी जागा सोडायची नाही आणि नंतर सोडायचीच, असा दंडक आहे. दोन्ही बाजूंना सारखं वागवणं हा त्या चिन्हाचा जन्मापासूनचा धंदा, पण इथे नाही. सोवळ्याओवळ्याचे इतके बारीक नियम मी आजीच्या स्वयंपाकघरानंतर इथेच पाहिले. चार वेळा विटाळ झाला. पाचव्यांदा 'सक्सेस' असं आलं.

हमाल कायम झाला. मी हेमाला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "बरं. नारळ आणायचाय तेवढा आणा."

नारळ आणून मी सर्व्हिस सुरू करण्याची आज्ञा दिली. काही झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. अर्ध्या मिनिटाने पाटी आली : चूक क्रमांक १०५३. सर्व्हिसने सुरू होण्याच्या विनंतीला वेळेत प्रतिसाद दिला नाही.

पुन्हा केलं. पुन्हा अर्धं मिनिट, पुन्हा १०५३. तिसऱ्यांदा सुद्धा. हमाल काळ्या खिडकीत तर डोळ्यांदेखत धावत होता, मग कायम झाल्यावर पहिल्याच दिवशी आळस? कायम झाल्यावर आळस येतो हे खरं, पण थोडे दिवस तरी जातात. संशय आला म्हणून मी सगळ्या डिस्कवर आजच्या तारखेचे फोटो शोधले. चार सापडले. ते होते विंडोजच्या 'सिस्टिम३२' या फोल्डरमध्ये. हा फोल्डर म्हणजे विंडोजचं काळीज, यकृत आणि मूत्रपिंड एकत्र. त्या जीवघेण्या हजारो फायलींच्या मध्ये हेमाच्या भाचीचं बारसं चाललं होतं. पाळणा, कुंची, घुगऱ्यांची वाटी आणि आत्याचा अर्धा चेहरा.

मामा मागे येऊन उभे होते. "म्हणजे तो कामार इल्लो?"

"आला होता मामा. चार फोटो उचललेनसुद्धा."

"खिडकीर नोंद केल्यान?"

"कसली नोंद?"

"नोंद नाय? मगे इल्लो नाय." मामा परत जाऊन खुर्चीत बसले. विषय संपला होता.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला त्यानंतर निखिलचा फोन यावा लागला, पण तो जे सांगत होता ते मामांनी आधीच सांगून टाकलं होतं. स्टँडात गाडी येऊन फलाटाला लागली, माणसं चढली, रुमाल टाकून जागा धरल्या, ड्रायव्हरचा चहा झाला, तरी कंट्रोलरच्या खिडकीवर नोंद होईपर्यंत ती गाडी आलेली नसते. प्रवासी ओरडत असतात, "अहो, ती काय उभी आहे!" आणि कंट्रोलर शांतपणे म्हणतो, "गाडी आली नाही." मला लहानपणी हा निव्वळ खोटेपणा वाटे. विंडोजच्या आत असाच एक कंट्रोलर बसलेला आहे. त्याचं नावच सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर. सर्व्हिस म्हणून जन्माला आलेले प्रोग्राम उठल्याबरोबर आधी त्याच्या खिडकीवर जातात, 'आलो, सुरू होतोय, सुरू झालो' अशी हजेरी लावतात आणि मग कामाकडे बघतात. यासाठी त्यांना ३०,००० मिलिसेकंद, म्हणजे ३० सेकंद मिळतात. कमांड लाइनवरच्या प्रोग्रामला हे कोणी शिकवलेलंच नसतं. तो बिचारा आल्या आल्या ओझं उचलतो. तीस सेकंद वाट बघून कंट्रोलर लिहितो, 'आला नाही', आणि जो आला नाही त्याला हाकलून देतो. तीस सेकंदांत चार फोटो म्हणजे आमचा हमाल चांगलाच पळत होता. सही तेवढी राहिली.

आणि काळजात बारसं कसं? सर्व्हिसला कामाची जागा नेमून दिली नाही तर ती 'सिस्टिम३२'मध्ये उभी राहते. निखिलने हमालाला सांगितलं होतं, 'तू जिथे असशील तिथे रच.' तो जिथे होता तिथे त्याने रचलं.

"मग आता हमालाला सह्या शिकवायच्या का?"

"नको काका. मध्ये एक मुकादम ठेवू."

मुकादम हा शब्द निखिलचा नाही, माझा. तो म्हणाला 'रॅपर'. पण एनएसएसएम नावाचा जो चिमुकला फुकट प्रोग्राम त्याने पाठवला, त्याचं काम बघून दुसरा शब्द सुचेना. (त्याच्या पूर्ण नावात अशा इतर साधनांबद्दल एक शेरा आहे, तो मी मामांसमोर वाचून दाखवला नाही.) हा कंट्रोलरच्या खिडकीवर जातो, सही करतो, अदबीने बोलतो, आणि मागच्या अंगाला खऱ्या हमालाला कामाला लावतो. हमाल कुठे उभा राहील ते मुकादमाला सांगून ठेवायचं. हमाल पडला तर मुकादम त्याला पुन्हा उभा करतो. वरच्याला वाटतं मुकादमच काम करतोय. ही व्यवस्था मामांना एकदम पटली. निखिलच्या म्हणण्याप्रमाणे ती विंडोज एनटीच्या काळापासून आहे. माझ्या मते भाऊच्या धक्क्यावर त्याच्या फार आधीपासून असावी.

आता सर्व्हिसच्या यादीत हमालापुढे 'रनिंग' असं दिसू लागलं. काळी खिडकी गेली. मॉनिटरवरचा कागद मी समारंभपूर्वक काढला. त्या रात्री निखिलने फोनवर मामांनाही ज्ञान दिलं, कारण मामांनी विचारलं होतं की खिडकी नाही, माणूस दिसत नाही, तर काम चाललंय कशावरून.

"आजोबा, युनिक्समध्ये अशा प्रोग्रामला डीमन म्हणतात."

"दिमन म्हंजे?"

"भूत. म्हणजे, चांगलं भूत."

ही गंमत नाही. १९६३च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये, आयबीएमच्या ७०९४ या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मंडळींनी पाठीमागे गुपचूप राबणाऱ्या प्रोग्रामला हे नाव दिलं. ते त्यांनी भौतिकशास्त्रातून उचललं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६७मध्ये एक काल्पनिक प्राणी उभा केला होता. दोन खोल्यांमधल्या इवल्याशा दाराशी बसून तो वायूचे वेगवान रेणू एकीकडे आणि मंद रेणू दुसरीकडे सोडतो, आणि काहीही खर्च न करता एक खोली गरम, एक गार करतो. लॉर्ड केल्व्हिनने त्याला 'डेमन' म्हटलं. दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची अखंड विभागणी, पगार शून्य. एमआयटीवाल्यांना आणखी काय हवं? त्यांचा पहिला डीमन काय करायचा, तर फायलींच्या प्रती आपोआप टेपवर उतरवून ठेवायचा. म्हणजे तोही हमालच. पुढे युनिक्सच्या घराण्यात अशा प्रोग्रामच्या नावाला शेवटी 'डी' लागू लागला. मॅकवर २००५पासून सगळ्या डीमनांना उठवणारा जो मुख्य आहे तो लाँचडी, आणि लिनक्सवर २०१०मध्ये आलेला सिस्टिमडी. आपल्याकडे राव लावतात तसं.

मामांना हे सगळं ऐकून आश्चर्य वाटेल अशी निखिलची अपेक्षा होती. मामा म्हणाले, "म्हंजे आमचो वेतोबा."

आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार. रात्री तो हद्दीवरून फिरतो अशी श्रद्धा. लोक त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्याथोरल्या चपला वाहतात. कोणाला तो दिसत नाही, कोणी त्याला हाक मारत नाही, आणि तो नसता तर काय झालं असतं याचा विचार करायची गावावर पाळी येत नाही. मी विचारलं, "पण मामा, तो फिरतो हे कशावरून?"

"चपलो झिजतत."

निखिल फोनवर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, आमच्यात त्याला लॉग म्हणतात."

मग दोघांचं असं जमलं की मला फोन परत मिळेना. निखिलने त्यांना युनिक्समधली कुटुंबव्यवस्था समजावली. तिथे प्रत्येक प्रोग्रामला बाप असतो. बाप मेला तर पोरं अनाथ होतात आणि त्यांना एक नंबरचा प्रोग्राम, जो सगळ्यांचा मूळपुरुष, तो पदरात घेतो. म्हणून डीमन व्हायची जुनी रीत अशी की बापाने पोराला जन्म द्यावा आणि स्वतः मरावं. काळी खिडकी बंद होते तेव्हा आतल्या प्रोग्रामांना 'हँगअप' नावाचा इशारा जातो. पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या कॉम्प्युटरवर काम चालायचं, तेव्हा फोन कट झाला हे कळवायला तो होता. फोन गेला, तार गेली, पण खिडकी बंद केली की आजही इशारा 'फोन ठेवला' असाच जातो. आणि तो इशारा कानाआड करायला लावणाऱ्या आज्ञेचं नाव 'नोहप'. याहून मामांना आवडला तो झाँबी. पोरगं काम संपवून मरतं, पण बापाने येऊन 'कसा गेला' एवढी चौकशी करेपर्यंत त्याचं नाव यादीतून जात नाही. ते खात नाही, पीत नाही, नुसता एक नंबर अडवून बसतं. मारताही येत नाही, कारण मेलेलंच असतं.

"ह्यां आमच्या सातबाऱ्यार असा," मामा म्हणाले. "माझो आजो."

खरं आहे. वारस नोंदीला तलाठ्याकडे कोणी गेलंच नाही, त्यामुळे मामांचे आजोबा १९५८मध्ये वारले तरी सातबाऱ्यावर आजही सव्वीस गुंठे कसतात.

अकरा दिवसांनी मी कौतुकाने फोटोंचा फोल्डर उघडला. एकही नवा फोटो नव्हता. यादीत बघितलं, हमाल 'रनिंग'. मुकादमाची सही आहे, कंट्रोलर खूश आहे, काम नाही. सरकारी फायलीवर 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहिलेलं असतं, ते खोटं नसतं हे मला त्या दिवशी कळलं.

निखिलने दुरून माझ्या कॉम्प्युटरवर येऊन बराच शोध घेतला आणि मग तो हसायला लागला. झालं होतं असं. हमालाला पहिल्याच तासात एकाच नावाचे दोन फोटो मिळाले, आणि त्याने सवयीने, काळ्या खिडकीत विचारायचा तसं, नम्रपणे विचारलं : 'या नावाचा फोटो आधीच आहे. त्यावर लिहू का? हो / नाही.' आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. पण त्याला आता खिडकी कुठे होती? २००७मध्ये घराघरांत आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सगळ्या सर्व्हिसेसना 'सेशन शून्य' नावाच्या वेगळ्या दालनात ठेवतात. माणसं लॉग इन करतात ती एक, दोन अशा नंबरांच्या दालनांत. शून्यात कोणी येत नाही. आधी असं नव्हतं. पहिला माणूस आणि सर्व्हिसेस एकाच दालनात बसत, आणि अतिअधिकारी सर्व्हिसच्या पाटीआडून कोणीही लबाड आत शिरू शके. म्हणून भिंत घातली. योग्यच केलं. पण भिंतीपलीकडे आमचा हमाल डोक्यावर फोटो घेऊन, अकरा दिवस, रिकाम्या खोलीला विचारत होता, "लिहू का?"

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. हेमा म्हणाली, "प्रोग्राम आहे तो." मला माहीत आहे प्रोग्राम आहे तो.

निखिलने हमालाला बदललं. आता विचारायचं नाही. शंका आली तर दोन्ही फोटो ठेवायचे. आणि जे काही कराल ते लॉगमध्ये लिहायचं. मामांनी याला जाहीर पाठिंबा दिला. लॉगशीटशिवाय गाडी सोडणं हा त्यांच्या दृष्टीने गुन्हाच होता. आठवड्याभरात डिस्कची पट्टी लाल झाली. फोटोंना जागा नाही. जागा कोणी खाल्ली? हमालाच्या लॉगने. सहा जीबी. निव्वळ मजकूर. उघडायला गेलो तर नोटपॅड घुसमटलं. निखिलने त्याचं शेपूट कापून दाखवलं. तारीख, वेळ, 'फोन दिसत नाही'. खाली तेच. त्याखाली तेच. सुमारे दहा कोटी वेळा. घरात फोन नसला की हमाल लिहायचा 'फोन दिसत नाही', आणि त्याच श्वासात पुन्हा बघायचा. दोन बघण्यांच्या मध्ये दम घ्यायला सांगायचं निखिल विसरला होता. आम्ही कामाला बाहेर पडलो की दिवसभर हा दारात. असं वाट बघणारं माझ्या आयुष्यात आईनंतर दुसरं कोणी नव्हतं.

दर दहा सेकंदांनीच बघायचं, लॉग ठरावीक मोठा झाला की जुना फेकून नवा घ्यायचा, आणि दिवसा वाय-फाय अडवायचं नाही म्हणून फोटो उचलायचे ते रात्री एक ते चारमध्येच, फोन चार्जिंगला लागलेले असताना. असा सगळा बंदोबस्त झाला.

आता हमाल खरोखरच अदृश्य झाला, आणि माझी झोप गेली. खिडकी होती तेव्हा ती बंद होते म्हणून मी चिडायचो. पण उघडी असली की निदान तो दिसायचा. आता मी दिवसातून दहादा सर्व्हिसेसची यादी उघडून 'एच'पर्यंत उतरत होतो. त्या यादीला एक खोड आहे. ती उघडली त्या क्षणाचं चित्र दाखवते, पुढे काय झालं ते आपणहून सांगत नाही. एफ-५ दाबावं लागतं. मी दाबायचो. रनिंग. चहा घेऊन यायचो, पुन्हा दाबायचो. रनिंग. सई म्हणाली, "बाबा, तुम्ही आता त्याची सर्व्हिस झालात."

आणि तरीही फोटो येईनात.

या वेळी मी निखिलला फोन केला नाही. मामांचं सूत्र धरलं. सकाळी उठून आधी चपला बघितल्या. लॉग उघडला. संध्याकाळपर्यंत सगळं बरोबर : फोन दिसला, फोन दिसला, रात्रीची वाट बघतो. रात्री दहा वाजून बारा मिनिटांनी ओळ मध्येच तुटलेली. त्यानंतर सरळ सकाळी सहा-चाळीसला 'सुरू झालो'. आदल्या रात्रीही दहा-बारा. त्याच्या आदल्या रात्री दहा-अकरा. पडल्याची नोंद नाही, मुकादमाने उचलल्याची नोंद नाही, पहिली चूक नाही, दुसरी चूक नाही. एक ते चारच्या चपला कोऱ्या करकरीत.

रात्री मी हॉलमधला दिवा घालवून सोफ्याच्या आड बसलो. दहा वाजले. बातम्या संपल्या, टीव्ही बंद झाला. दहा-दहाला मामांच्या खोलीचं दार वाजलं. ते काठी न टेकता, भिंतीच्या कडेकडेने आले, दाराची कडी तपासली, गॅसचा नॉब हाताने चाचपला, बाथरूमचा नळ घट्ट केला, आणि कॉम्प्युटरच्या टेबलाखाली वाकून भिंतीवरचा बोर्ड शोधून खटका खाली ओढला. कॉम्प्युटरचा पंखा एक उसासा टाकून थांबला. त्यांनी घड्याळ बघितलं. दहा-बारा.

"मामा!"

मामा दचकले नाहीत. एकतीस वर्षांत त्यांना रात्रीच्या स्टँडावर कोणी ना कोणी हाका मारतच आलं होतं.

"अहो, तो बंद नाही करायचा. आपला हमाल आहे ना त्यात. तो रात्रीच काम करतो."

मामांनी अंधारात माझ्याकडे बघितलं. काळा चष्मा तसाच होता.

"तांबडो दिवो रातभर पेटत रवता, म्हणान बंद केलंय," ते म्हणाले. "आणि रातचो फिरणाऱ्याक दिवो कित्याक व्हयो?"